शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"दादा, पोराचं काही खरं नाही रे. सकाळी सातला उठतंय."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा सुट्टीत सातला उठतो, ही बातमी कुठल्याही आईच्या पोटात गोळा आणणारीच. मी विचारलं, "ताप वगैरे?"

"ताप नाही. उठतंय, अंघोळ करतंय, इस्त्रीचा शर्ट घालतंय आणि साडेआठच्या ठोक्याला मोबाईलवर काहीतरी टाकतंय. मग दिवसभर किती जणांनी बघितलं ते मोजत बसतंय. ह्यांनी विचारलं तर म्हणालं, मी स्वतःला बिल्ड करतोय."

"मग दाजी काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी गच्चीवरची टाकी धू, मग काय बांधायचं ते बांध."

सुट्टी संपवून भाचा पुण्याला आमच्याकडे परत आला तेव्हा उलगडा झाला. शिक्षणासाठी तो चार वर्षं आमच्याच घरी आहे. दिवाळीआधीच्या रविवारी तो एका कार्यशाळेला जाऊन आला होता. प्रवेशमूल्य चारशे नव्व्याण्णव रुपये, प्रमाणपत्रासह. ज्या हॉलमध्ये शनिवारपर्यंत साड्यांचा सेल होता, तिथेच रविवारी आयुष्य बदलून मिळत होतं. मार्गदर्शकांचं वय चोवीस. चोविसाव्या वर्षी आम्ही मार्ग शोधत होतो. हे दर्शन देत होते. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं म्हणे, "तुम्ही माणूस नाही, ब्रँड आहात."

चारशे नव्व्याण्णव रुपये घेऊन वर माणसातून उठवलं, असं मी म्हणालो. भाच्याला ते आवडलं नाही.

"मामा, ही कल्पना आजची नाही. टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९९७ साली 'फास्ट कंपनी' मासिकात लेख लिहिला, 'द ब्रँड कॉल्ड यू'. प्रत्येक माणूस हा स्वतःच्या कंपनीचा सीईओ आहे, असं त्याचं म्हणणं."

१९९७ साली मी बँकेत नुकताच चिकटलो होतो आणि पासबुकात नोंदी करत होतो. तेव्हापासून मी एका कंपनीचा सीईओ आहे हे मला कुणी कळवलंच नाही. कळवलं असतं तर निदान स्वतःला एखादी पगारवाढ मंजूर केली असती.

ब्रँड हा इंग्रजी शब्द मुळात जाळण्यातून, चटक्यातून आला. गुरांच्या अंगावर तापल्या लोखंडानं मालकाची खूण उठवायची, तो ब्रँड. आपल्याकडे याला सरळ 'डाग देणे' म्हणतात. आणि मराठीत 'डाग'चे अर्थ बघा. कपड्यावर पडतो तो डाग. लेकीच्या अंगावर घालतात ते सोन्याचे चार डाग. आणि एसटीच्या टपावर चढवायचे ते सामानाचे डाग. पर्सनल ब्रँडिंगवर याहून नेमकं भाष्य मी वाचलेलं नाही. काहींना ब्रँड दागिन्यासारखा शोभतो, काहींना तो कलंकासारखा चिकटतो आणि उरलेले सगळे ते सामान उगाच डोक्यावर घेऊन हिंडतात.

भाच्यानं त्याचं लिंक्डइनवरचं पान मला दाखवलं. वर फोटो. फोटोत कोट. हा कोट मी ओळखला. सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओत खुंटीला टांगलेला असतो. पासपोर्टच्या फोटोला आलेला प्रत्येक जण तो घालतो. टाय आधीच बांधलेला, फक्त गळ्यात अडकवायचा. पाठीमागून तो चिमट्यांनी ताणलेला असतो, कारण तो सगळ्यांना होईल अशा मापाचा, म्हणजे कुणालाच न होणारा. त्या कोटात अर्ध्या जिल्ह्याचे अर्ज गेले आहेत. दाजींचा लग्नाआधी आमच्याकडे आलेला फोटोही त्याच कोटातला असावा, असा मला दाट संशय आहे.

फोटोखाली मथळा. मथळ्याला दोनशे वीस अक्षरांची मर्यादा असते आणि भाच्यानं एकही वाया घालवलेलं नव्हतं. एस्पायरिंग इनोव्हेटर, उभी रेघ, एआय एन्थुझिअॅस्ट, उभी रेघ, लाइफलाँग लर्नर, उभी रेघ, चेंजमेकर. पोरगं मेकॅनिकलचं. सांगलीच्या घरातला मिक्सर सहा महिने बंद आहे.

पण हसायचं कुणाला? पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या दारावरच्या पाट्या मी वाचल्या आहेत. नावापुढे बी. ए., त्यापुढे कंसात ऑनर्स, खाली 'निवृत्त कार्यकारी अभियंता'. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी पाटी निवृत्त होत नाही. आणि 'आमची कोठेही शाखा नाही' ही तर जगातली अजोड जाहिरात. जे आपल्याकडे नाही तेच छातीठोकपणे सांगून गिऱ्हाईक उभं करायचं, ही कला कुठल्या कार्यशाळेत शिकवत नाहीत.

मथळ्यानंतर पोस्टी. दिवाळीत भाच्याच्या ज्या पोस्टीनं सांगली हादरली, ती मी डोळ्यांनी वाचली. तिथल्या रिवाजाप्रमाणे एका ओळीत एकच वाक्य, मधे मोकळी जागा, जणू प्रत्येक वाक्यानंतर वाचकानं पाणी प्यावं.

आज आईची भाकरी फुगली नाही.

तिनं दुसरी थापली.

तीही फुगली नाही.

पण ती थांबली नाही.

त्या क्षणी मला रेझिलिअन्सचा अर्थ कळला.

तुम्हाला काय वाटतं?

खाली सत्तेचाळीस जणांना काय काय वाटलं होतं. कुणी 'पॉवरफुल' म्हटलं होतं, कुणी 'सो ट्रू'. एका अनोळखी गृहस्थांनी हैदराबादहून टाळ्या पाठवल्या होत्या. बहिणीला मी ही पोस्ट फोनवर वाचून दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की. पीठ जुनं होतं, विरी गेलेली. विरी गेल्यावर रेझिलिअन्स काय करणार कपाळ?"

ज्यांच्या घरी भाकरी होत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीचं पीठ दळून फार दिवस झाले की त्याचा चिकटपणा जातो. तीच विरी. मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि ती तव्यावर मान टाकते. आच वाढवा, तवा बदला, फोटो कोणत्याही कोनातून काढा.

त्या सत्तेचाळीस टाळ्यांचं गणित मात्र मला लगेच कळलं. प्रत्येक लग्नघरात एक वही असते. त्यात कुणी किती आहेर केला ते लिहिलेलं असतं आणि त्यांच्याकडच्या कार्याला तेवढाच परत करायचा असतो, वर पाच-पन्नास चढवून. भाचा रोज रात्री ही वही भरायला बसायचा. "यानं माझ्या भाकरीला लाइक दिला, मला याच्या इंटर्नशिपला द्यायला हवा." "हिनं कॉमेंट केली, हिला नुसता अंगठा देऊन कसं चालेल?" पाचशेच्या वर ओळखी झाल्या की त्या पानावर नेमका आकडा न दाखवता नुसतं '५००+' येतं, कमाल मर्यादा तीस हजारांची. तीस हजार माणसांशी आहेराचे व्यवहार सांभाळायचे म्हणजे नोकरी करायला वेळ उरत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिथे इतके लोक नोकरी शोधत असतात.

याच भरात त्यानं माझंही पान उघडून दिलं. सत्तावीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला त्यानं 'कस्टमर-सेंट्रिक फायनान्शियल प्रोफेशनल' केलं. फोटोभोवती एक हिरवं कडं आलं. मला वाटलं, हाराचा प्रकार असेल. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. चहा मागवला. "काही नाराजी आहे का? असली तर मोकळेपणानं बोला." सत्तावीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी प्रथमच खुर्ची वापरली. घरी आल्यावर कळलं, हिरवं कडं म्हणजे 'मी नोकरी शोधतोय' अशी दवंडी. ते मी काढायला लावलं, पण दोन दिवसांनी. मधल्या काळात आणखी तीन चहा झाले.

तर आपली मूळ अडचण अशी की मराठी माणसाला स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करायची चोरी. रामदासांनी दासबोधात मूर्खलक्षणांचा समास लिहिला, त्यात आपणच आपली स्तुती करणाऱ्याला बसवलंय आणि शेजारीच, घराण्याची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही. दोन्ही दारं बंद. म्हणून मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की आमचा मुलगा वडिलांचं नाव, त्यांचं खातं, आईचं गृहिणीपण, बहिणीची इयत्ता आणि मूळ गाव सांगून थांबतो. स्वतःबद्दल सांगायचं राहूनच जातं. त्याच्या हातात शिधापत्रिका दिली असती तरी तेच वाचून दाखवलं असतं.

मग आपण यावर मार्ग काढला. फ्लेक्स.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात उभे राहा. वर एक माणूस, पांढरा शर्ट, काळा चष्मा, कानाला मोबाईल. खाली 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान', 'भावी' अमुक. हा 'भावी' म्हणजेच 'एस्पायरिंग', पण आम्ही तो लिंक्डइनच्या आधीपासून वापरतोय. त्याखाली वीस-पंचवीस छोटे चेहरे, हे शिफारसकर्ते. आणि तळाला 'शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ'. यातली खुबी अशी की बोर्डावर तो स्वतः एक अक्षर बोलत नाही. बोलतात ते मित्र. समर्थांचा नियम मोडला नाही आणि चौकही व्यापला. बोर्डाचे पैसे कोणी दिले हे विचारायचं नसतं.

त्या मानानं आमच्या संतांचा हिशेब सरळ होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा. 'तुका म्हणे' येतं ते शेवटी, आधी सांगायचं ते सांगून झाल्यावर. एकनाथांनी तर स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडलं, 'एका जनार्दनी'. साहेबाला टॅग करण्याची पद्धत तेव्हापासूनची म्हणा. जनाबाईंनी 'नामयाची दासी' एवढीच ओळख पुरेशी मानली. पुढे इतरांनी रचलेले अभंगही तुकोबांच्या नावावर खपले आणि प्रक्षिप्त कोणते, मूळचे कोणते, यावर अभ्यासकांची डोकी पिकली. दुसऱ्यांना आपलं लिहिणं तुमच्या नावानं चालवावंसं वाटलं की समजावं, नाव झालं. आमच्याकडे आता उलटं आहे: नाव, फोटो, मथळा आधी, आणि अभंग 'लवकरच येत आहे'.

जानेवारीत भाच्यानं बायोडेटा माझ्यासमोर ठेवला. "मामा, हा आधी माणूस वाचत नाही, मशीन वाचतं. जाहिरातीतले शब्द यात किती जुळतात ते बघतं."

"म्हणजे पत्रिका," मी म्हणालो. "छत्तीसपैकी निदान अठरा गुण जुळले तर पुढची बोलणी. मुलगा बघण्याचा कार्यक्रम नंतर."

तो गप्प झाला, कारण ते तंतोतंत तसंच होतं. बायोडेटा लग्नाच्याच थाटाचा होता. लग्नात सावळ्याचा निमगोरा होतो, इथे 'ऐकून माहीत आहे' याचं 'प्रोफिशियंट' झालं होतं. मेहनती, प्रामाणिक, संघभावना असलेला. हे वाचून कुणाला काय कळणार? आळशी, लबाड आणि भांडखोर असं लिहून अर्ज करणारा अजून जन्मायचाय.

"सांगलीच्या तुमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा तू दोन वर्षं खजिनदार होतास. ते कुठाय?"

"काढलं. वर्गणीचं काय लिहायचं? प्रोफेशनल वाटत नाही."

मी त्याला लिओनार्दो दा विंची सांगितला. १४८२च्या सुमारास त्याला मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे काम हवं होतं. त्यासाठी लिहिलेल्या पत्रात त्यानं मुद्दे घातले: हलके पूल बांधतो, तोफा करतो, वेढा घालण्याची यंत्रं करतो, झाकलेले रथ करतो. चित्रकला? ती अगदी शेवटी, शांततेच्या काळात उपयोगी म्हणून. समोरच्याला लढाई आहे, मोनालिसा नको, हे त्याला कळत होतं. समोरच्याला काय हवंय आणि त्यातलं आपण काय खरोखर करू शकतो, एवढंच त्यात होतं. पॅशनेट हा शब्द त्यानं घातल्याचं ऐकिवात नाही.

"मग सांग, वर्गणी म्हणजे काय?"

"दारोदार फिरणं."

"दारोदार फिरून, ज्याला नको आहे त्याच्याकडून, काहीही वस्तू न देता पैसे आणणं. आणि मग शंभर जणांना पै-पैचा हिशेब देणं. तुझ्या मथळ्यातल्या चार चेंजमेकरांना जमतं का बघ."

कुरकुरत त्यानं एक ओळ घातली. बायोडेट्याच्या तळाला, छंदांच्या वर.

आता ओळखीचं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या गावात, ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं सांगितलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा म्हणाले ते सहात एखादाच. बाकीच्यांना ती नोकरी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यानं सांगितलेली. कारण साधं आहे. रोज कट्ट्यावर बसणाऱ्या मित्रांना आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं. वेगळी बातमी लांबचा माणूस आणतो. आपल्याकडे हे शास्त्र लग्नाच्या पंगतीत पाठ होतं. स्थळ सख्खी मावशी आणत नाही, मावशीच्या जावेची नणंद आणते.

भाच्याचं तसंच झालं. साडेआठच्या पोस्टीतून नाही, हैदराबादच्या टाळ्यांतून नाही. नोकरीची बातमी आली ती गणपतीच्या मंडपवाल्याकडून. भाचा खजिनदार असताना विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याचे पैसे चुकते झाले होते. मंडपाच्या धंद्यात ही घटना इतकी दुर्मीळ की तो माणूस दोन वर्षं दिसेल त्याला ती सांगत होता. ऐकणाऱ्यांत त्याचा जावई होता. तो चाकणच्या एका कारखान्यात. त्यानं निरोप धाडला, "तो पैसे देणारा पोरगा असेल तर अर्ज टाकायला सांगा."

मुलाखतीत तिघे होते. एआयबद्दल एकानं विचारलं, एन्थुझिअॅस्टचा उत्साह चौथ्या प्रश्नाला संपला. मग मधल्या गृहस्थांनी तळाची ओळ वाचली. तेही एकेकाळी मंडळात होते म्हणे. "हिशेब जमला होता का?"

"पहिल्या वर्षी साडेचारशे कमी आले," भाचा म्हणाला. स्टुडिओतला कोट आपोआप गळून पडल्यासारखा सरळ बोलायला लागला. "तीन रात्री पावत्यांच्या स्थळप्रती तपासल्या. एकावर पाचशे एक लिहिलेले. त्यांनी पाचशे एक लिहायला लावले होते, माईकवरून नाव पुकारायला. पैसे दिले एक्कावन्न. नंतर देतो म्हणाले आणि राहिले."

"मग काय केलंत?"

"पुढच्या वर्षीपासून नियम केला. पैसे हातात आल्याशिवाय पावतीवर आकडा टाकायचा नाही."

तिघे हसले. मधल्यांचं हसू जरा जास्त वेळ टिकलं, म्हणजे त्यांच्याही मंडळात एखादा एक्कावन्नवाला असणार. कुठल्या मंडळात नसतो? प्रत्येक गल्लीत एक माणूस असा असतो, ज्याचा ब्रँड पाचशे एकचा आणि आवक एक्कावन्नची. मधले साडेचारशे कुणीतरी रात्री जागून शोधत बसतं.

नेमणुकीचं पत्र आलं. त्या सकाळी साडेआठला भाच्याची पोस्ट पडली, थ्रिल्ड, हम्बल्ड, ब्लेस्ड, सगळे अलंकार घालून. इतक्या महिन्यांच्या सवयीनं मी क्षमा केली. पहिली कॉमेंट त्याच्या आईची होती, कारण त्याच्यावर नजर ठेवायला तिनंही खातं उघडलं होतं: "अभिनंदन. पोहोचल्यावर फोन कर. मिक्सर तसाच आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही सांगलीला गेलो. गल्लीच्या तोंडालाच फ्लेक्स. स्टुडिओतल्या कोटातला भाचा, दहा फूट. 'गल्लीची शान, भावी जनरल मॅनेजर'. खाली चेहऱ्यांची रांग: मंडपवाले, दाजी, आणि कोपऱ्यात मी. माझा फोटो लायसन्सवरचा लावलेला, ज्यात मी फरारी वाटतो. तळाला अर्थातच 'शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ'.

समस्त मित्रमंडळ संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन घरी आलं. फ्लेक्सचा खर्च शुभेच्छुकांत वाटून घ्यायचा होता. पेन भाच्याच्या हातात; जुना खजिनदार म्हणून त्यालाच बसवलेलं. दाजी बघत होते, शेजारचे दोघे दारात उभे होते. अशा वेळी पुण्याच्या मामानं कमी पडून चालत नाही.

"पाचशे एक लिही," मी म्हणालो आणि खिशात हात घातला. खिशात शंभराची एक नोट होती, थोडी चिल्लर होती. "लिही लिही. बाकीचे नंतर..."

भाच्यानं पेनाचं टोपण घट्ट बसवलं आणि हात पुढे केला.

"मामा, आधी द्या. मग लिहितो."